आधी माती, मग आखणी

पेणजवळच्या हमरापूर-जोहे भागात गणपतीच्या मूर्तींचं काम बाराही महिने चालतं. मूर्तीचे डोळे रंगवण्याच्या कामाला तिथे आखणी म्हणतात आणि ती कारखान्यातला सगळ्यात सरावलेला हात करतो. नव्याने आलेल्या पोराकडे कुणी आखणीचा ब्रश देत नाही. तो आधी माती मळतो, साच्यात दाबतो, साच्यातून निघालेल्या मूर्तीचे सांधे ओल्या बोटाने बुजवतो. मग कधीतरी पीतांबराचा पिवळा रंग त्याच्या वाट्याला येतो. डोळे त्याच्याही खूप पुढे.

घरी मात्र आपण तीन वर्षांच्या लेकरापुढे पहिल्याच दिवशी आखणी ठेवतो. टिंबाटिंबांचा 'अ' छापलेलं पान, हातात बारीक पेन्सिल, आणि मागून सूचना, रेघेबाहेर जाऊ नकोस. मूल दोन पानं करतं, तिसऱ्या दिवशी कुरकुरतं आणि आठवड्याने आई म्हणते, याला अभ्यासाची गोडीच नाही.

मी पेणला बरीच वर्षं बालवाडीत शिकवलं. आता नात रोह्याला असते, तिचे आईवडील दोघंही नोकरीवर. म्हणून गेलं दीड वर्ष आठवड्यातले चार दिवस मी रोह्याला राहते आणि तिचं शिकणं माझ्याकडे आहे. एवढी वर्षं शिकवूनही पहिल्या महिन्यात मी तीच चूक केली. बाजारातून सरावाची वही आणली, रोज दोन पानं ठरवली. पंधरा दिवसांत वही दिसली की नात पोटात दुखतंय म्हणायला लागली. वही कपाटात गेली आणि मी पुन्हा मातीपासून सुरुवात केली. त्या अनुभवातून जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे. पेण, रोहा, नागोठणे, कोलाड इथल्या घरांमध्ये जे आईबाबा, आजीआजोबा लहानग्याला घरीच शिकवत आहेत, त्यांना ते वापरता यावं.

एक आधीच सांगते. रोजच्या पानाला माझा विरोध नाही, रोज एक पान जरूर असावं. ठरलेल्या वेळी ठरलेली एक छोटी गोष्ट करायची, पूर्ण करायची, तिच्यावर तारीख घालून ठेवून द्यायची, याचा मुलाला फार आधार वाटतो. माझं म्हणणं पानाच्या जागेबद्दल आहे. पान दिवसाच्या शेवटी यावं, आणि त्या दिवशी हातांनी, तोंडाने, पायांनी जे केलं त्याचंच असावं.

कायद्याची काळजी अनेकांना असते, म्हणून तेही आत्ताच सांगते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा; तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. तीन ते सहा या वयात मूल घरी शिकत असेल तर तुम्ही कुठलाही नियम मोडत नाही. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होत असावी लागतात. याच कायद्याच्या कलम १३ प्रमाणे प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी, मुलाखत घेता येत नाही. घेतली तर पहिल्या वेळी पंचवीस हजारांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलाला पहिलीच्या आधी शंभरपर्यंत आकडे आणि पूर्ण बाराखडी लिहिता आलीच पाहिजे, हा धाक मनातून काढून टाका. त्या धाकाने सुरू केलेलं पान मूल लगेच ओळखतं.

आता हाताबद्दल. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या मनगटाची हाडं अजून पुरती घट्ट झालेली नसतात. पेन्सिल धरायला अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट एकत्र यावं लागतं, आणि ती ताकद पेन्सिलने येत नाही, कामाने येते. आपल्या रायगडात या कामाला तोटा नाही. भिजवून मोड आणलेले कडवे वाल सोलायला मुलाला शेजारी बसवा. एका बोटाने दाबायचं, दोन बोटांनी चिमटायचं, दाणा न तुटता साल वेगळी करायची. बिरड्याचे वाल सोलणं हा चिमटीचा इतका उत्तम व्यायाम आहे की असं शैक्षणिक साहित्य विकत मिळणार नाही. पहिल्या दिवशी मूल दहा दाणे सोलेल आणि त्यातले सहा चिरडेल. चिरडू द्या, ते आमटीत जातील. महिन्याभराने वाटी भरते.

तसंच पापडाचं. पेणला पापड घरोघरी लाटले जातात. पिठाची एक लाटी मुलाच्या हातात द्या. मळणं, वळणं, चपटं करणं, पुन्हा गोळा करणं. शेंगा सोलणं, कोथिंबीर निवडणं, धुतलेले रुमाल पिळणं, शर्टाची बटणं स्वतः लावणं, तांब्यातून पेल्यात पाणी ओतणं, ही सगळी लेखनाची तयारी आहे. याला वेळ लागतो आणि पसारा होतो. घाईच्या सकाळी हे करू नका. दुपारचं चार वाजताचं घर यासाठी चांगलं.

पेण तालुक्यातल्या गागोद्याला ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. त्यांचं लहानपण तिथे आजोबा-आजी आणि आई रुक्मिणीबाई यांच्याजवळ गेलं. त्यांनी आठवणींत सांगितलं आहे की जेवायला वाढण्याआधी आई विचारायची, तुळशीला पाणी घातलं का. घातलं नसेल तर आधी ते, मग जेवण. चिमुकल्या मुलाचा रोजचा सराव कसा असावा हे मला त्या आठवणीत सापडलं. रोज एकच काम, ते त्याच्या हाताला झेपणारं आणि कुणाच्या तरी उपयोगाचं, आणि आई न चुकता विचारणारी. आमच्या घरीही पानाच्या आधी तुळशीचं पाणी आहे. नात लहान तांब्या दोन्ही हातांनी धरते, पायांवर अर्धा सांडायचा. आता सांडतो तो थोडासा.

शाडूची माती पेणच्या लोकांना सांगायला नको. मूठभर शाडू ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवला तर आठवडाभर टिकतो. मुलाला त्याचे साप करू द्या, गोळ्या करू द्या, मोदक करू द्या. सापांपासून पुढे अक्षरं होतात. एक सरळ साप म्हणजे दंड, वाकवला की 'व'चं पोट. प्लास्टर ऑफ पॅरिसची पूड आणि कारखान्यातले रंग मात्र मुलाच्या हाती देऊ नका. पूड नाकातोंडात जाते.

पेणला येणारा शाडू बहुतेक गुजरातेतून, भावनगरकडून येतो. मराठी बालशिक्षणाची वाटही भावनगरवरूनच आली आहे. ताराबाई मोडक तिथे गिजुभाई बधेकांबरोबर काम करत होत्या आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. त्या काळी या शिक्षणासाठीचं माँटेसरींचं साहित्य महाग आणि परदेशी वळणाचं होतं. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघांच्या साथीने, आदिवासी मुलांसाठी तेच शिक्षण गावातल्या वस्तूंवर उभं केलं. शिंपले, बिया, पानं, माती, काड्या, सगळं परिसरातलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी ही कल्पना पुढे आली. आज आपण घरी शिकवायला बसतो तेव्हा आपल्याला नवं काही शोधायचं नसतं. कोसबाडने जे शंख-शिंपल्यांनी केलं, ते आपण वाल, चिंचोके आणि तांदळाने करायचं.

अक्षराकडे जाताना मी एक जुनी वस्तू परत आणली, धूळपाटी. आपल्या पणजोबांच्या काळी मुलं लाकडी फळीवर धूळ पसरून बोटाने अक्षरं काढायची. धुळाक्षरं हा शब्द त्यातूनच आला. मी परातीत तांदळाचं जाडसर पीठ पसरते. पेणच्या मिठागरातलं मीठही चालतं, पण बोटाला खरचटलेलं असेल तर झोंबतं आणि जूनमध्ये त्याला पाणी सुटतं. परातीतल्या अक्षराचा मोठा गुण हा की चुकलं तर हात फिरवला की पुसलं. मुलाला खोडरबर घासत बसावं लागत नाही, आणि चुकलेलं अक्षर त्याच्याकडे बघत राहत नाही. बोटाला खरखर लागते, त्यामुळे वळण लक्षात राहतं. आठवडाभर एक आकार परातीत आला की तो पाटीवर खडूने, आणि मग एक दिवस पानावर. खडू पूर्ण लांबीचा देऊ नका. बोटाच्या पेराएवढा तुकडा दिला की मूल तो मुठीत धरूच शकत नाही, तीन बोटं आपोआप जागेवर येतात.

पान कसं करायचं ते जरा सविस्तर सांगते, कारण खरी अडचण तिथेच असते.

पान छापू नका, स्वतः काढा. तुम्हाला चित्र येत नसेल तरी काढा. कॅलेंडरच्या मागची कोरी बाजू, एका बाजूला छापलेले कागद, काहीही चालेल. एका पानावर एकच गोष्ट. पावसाळ्यातला आमचा पहिला पान-प्रकार पावसाचा होता. वर मी दोन ढग काढायचे, खाली डोंगर. नातीने ढगापासून डोंगरापर्यंत पाऊस पाडायचा. वरून खाली, वरून खाली. पंचवीस-तीस उभ्या रेघा कशा होतात ते तिला कळतही नाही, आणि देवनागरीतल्या बहुतेक अक्षरांचा दंड इथेच तयार होतो. त्या दिवशी आम्ही आधी पागोळ्यांखाली हात धरलेला असायचा. पाऊस थांबला तर दाराशी उभं राहून पागोळ्या मोजलेल्या असायच्या. पान त्यानंतर.

मासे आणले त्या दिवशी माशाचं पान. मोठा मासा मी काढायचा, खवले तिने. खवला म्हणजे अर्धगोल, आणि अर्धगोल म्हणजे पुढे 'ट', 'ठ', 'ढ', 'द' या सगळ्यांचं पोट. मोदकाच्या पानात कळ्या वरच्या टोकाकडे नेताना तिरप्या रेघा येतात. रुळाच्या पानात दोन लांब आडव्या रेघा आणि त्यांच्यावर उभे स्लीपर. तुळशीच्या पानात मंजिऱ्यांची टिंबं. बिरड्याच्या पानात वालाचे लांबट गोल, जेवढे तिने सोलले तेवढे. वाटी भरायला लागली तेव्हापासून फक्त चिरडलेले, म्हणजे मोजता येतील इतकेच. असं पान काढायला मला पाच मिनिटं लागतात आणि करायला तिला सात-आठ.

पानाच्या खाली मी दोन ओळी रिकाम्या ठेवते. पान झालं की तिला विचारते, काय झालं ते सांग. ती जे बोलेल ते, तिच्याच शब्दांत, मी मोठ्या अक्षरात लिहिते आणि बोट फिरवत वाचून दाखवते. आपण बोललेलं कागदावर उतरतं आणि उद्याही तेच वाचलं जातं, हे चार वर्षांच्या मुलाला चमत्कारासारखं वाटतं. वाचनाची ओढ मी याच दोन ओळींतून लागलेली पाहिली आहे, टिंबांच्या पानातून कधीच नाही.

टिंबं जोडून गिरवण्याबद्दल माझं मत कडक आहे. कित्ता गिरवायची आपली परंपरा जुनी आहे, पण कित्त्यात गुरुजी आधी समोर लिहून दाखवायचे आणि हात कुठून निघाला, कुठे वळला हे मूल बघायचं. छापलेल्या टिंबांत तो हातच नसतो. मूल एका टिंबावरून दुसऱ्यावर जातं, अक्षर खालून वर काढतं, शिरोरेघ आधी ओढतं, आणि पान मात्र नीटनेटकं दिसतं. म्हणून मूल लिहीत असताना पानाकडे बघू नका, हाताकडे बघा. आधी डावीकडचा भाग, मग दंड, शेवटी डोक्यावरची रेघ. हे तीन टप्पे नीट झाले तर अक्षर वेडंवाकडं असलं तरी चालेल, ते सुधारेल.

घाई कुठे करायची नाही याचाही अंदाज हवा. साधारण तिसऱ्या वर्षी मूल बंद गोल काढतं, चौथ्याच्या आसपास अधिकची खूण, पाचव्याकडे चौकोन, त्रिकोण त्याच्याही नंतर. जे मूल अजून गोल आणि अधिकपर्यंतच आलं आहे त्याला 'अ' येणार नाही, कारण 'अ'मध्ये दोन वळणं, एक आडवी रेघ, एक दंड आणि वर शिरोरेघ, एवढं सगळं आहे. स्वरांपासून सुरुवात करायची ही मोठ्यांची सोय आहे. हाताच्या दृष्टीने आपलं जुनं 'गमभन' शहाणपणाचं होतं. चारही अक्षरांना दंड आहे आणि डावीकडे छोटंसं वळण. नंतर 'व', 'ब', 'क' एकत्र घ्या, एका पोटात रेघ घातली की दुसरं होतं, शेपूट दिली की तिसरं. 'प', 'ष', 'फ' एकत्र. 'ट', 'ठ', 'ढ', 'द' एकत्र. पण या सगळ्याच्या आधी मुलाच्या स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर. ते कितीही अवघड असलं तरी मुलाला ते हवंच असतं. डब्यावर, चपलांच्या जागेवर, उशीवर लिहून ठेवा. पाच वर्षांच्या आत त्याला एवढं एकच अक्षर लिहिता आलं तरी माझी तक्रार नाही.

इंटरनेटवरून पानं उतरवून घेणाऱ्यांना एक सावधगिरीची सूचना. त्यातली कितीतरी हिंदीची असतात. 'अ' अनारचा आणि 'ए' एड़ीचा असतो, ते तर लगेच कळतं. पण अक्षरांची वळणंही वेगळी असतात आणि ते कळत नाही. 'ल' आणि 'श' यांची मराठी आणि हिंदी रूपं वेगळी दिसतात, 'झ'चं तसंच, आकड्यांमध्ये ५ आणि ८ पाहा. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी लिपीबद्दल जो निर्णय काढला त्यात पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' ठरवलेला आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तकं तिच्या संकेतस्थळावर मोफत उपलब्ध आहेत. पहिलीचं पुस्तक उघडून त्यातल्या वळणाशी तुमचं पान ताडून बघा, आणि आजोबांच्या हातचा 'श' वेगळा असेल तर मुलासमोर वाद नको.

अक्षराच्या आधी आवाज. जेवताना, चालताना, गाडीत, पहिल्या आवाजाचा खेळ खेळा. कावळा, करवंद, कोळंबी, यात सुरुवातीला कोणता आवाज आला? 'चमचा' आणि 'चाक' यातला 'च' सारखाच आहे का? मुलांचे कान यात आपल्यापेक्षा तल्लख असतात. इथे एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. आपल्याकडे अनेक घरांत आगरी बोलली जाते. मूल 'पानी' म्हणतं, 'डोला' म्हणतं. ते चुकत नाही, ते आपल्या घरची भाषा बरोबर बोलतं. त्याला टोकू नका, हसू तर मुळीच नका. पुस्तकात 'पाणी' लिहितात, आपण घरी 'पानी' म्हणतो, असे दोन्ही शब्द शेजारी ठेवा. चार वर्षांचं मूल दोन घरच्या दोन रीती सहज ओळखतं, दोन भाषाही ओळखेल. बोलण्यावरून टोकलेलं मूल आधी बोलणं कमी करतं आणि मग लिहिणं. कातकरी वाडीवरच्या मुलांच्या बाबतीत हे मी जास्त पाहिलं आहे. त्यांच्या बोलीतल्या शब्दांना वर्गात जागाच नसते, आणि वीटभट्टीच्या हंगामात आईबापांबरोबर गाव सुटलं की होतं नव्हतं तेही तुटतं.

आकड्यांसाठी मी रेल्वे वापरली. पेणहून रोह्याला येताना मधे कासू, नागोठणे आणि निडी लागतात. पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा, अशी पाच नावं. प्रत्येक नावाला एक बोट मुडपायचं. आपण नागोठण्याला आहोत तर अजून किती राहिली? उलट जाताना पहिलं कोणतं? नात साडेतीन वर्षांची असताना हे पाठ म्हणायची, पण निडीनंतर किती उरली हे विचारलं की गोंधळायची. पाठ म्हणणं आणि मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण पहिलीलाच दुसरी समजतो. एक ते शंभर घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला सात चिंचोके दे म्हणून बघा. दहापर्यंतच्या वस्तू बोट ठेवून अचूक मोजणं, पाच म्हणजे तीन आणि दोन, चार आणि एक, हे हातांनी कळणं, एवढं पाच वर्षांपर्यंत भरपूर आहे.

त्यापुढे मराठीत एक खरी अडचण येते. आपण 'एकवीस' म्हणतो तेव्हा आधी एक म्हणतो आणि मग वीस, लिहिताना मात्र आधी २ लिहितो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक' अशी वाचनाची रीत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. वाद बाजूला ठेवा, पण गणित समितीला दिसलेली अडचण खरी होती. घरी यावर सोपा उपाय म्हणजे दहाच्या जुड्या. काड्यांच्या दोन जुड्या आणि एक सुटी काडी समोर ठेवायची आणि दोन्ही म्हणायचं, वीस आणि एक, एकवीस. हे सहाव्या वर्षी. त्याआधी दहाच्या पुढे पानावर जाऊ नका.

विनोबांच्याच आठवणींत आणखी एक प्रसंग आहे. त्यांच्या आईने देवाला लाख तांदूळ वाहायचा नेम केला होता आणि ती रोज एकेक दाणा मोजायची. वडील म्हणाले, तोळाभर तांदूळ मोज आणि हिशेबाने लाखाचं वजन काढ. मुलाने आईची बाजू घेतली. त्याच्या मते एकेक दाण्यावर चित्त असणं हा नुसता गणिताचा भाग नव्हता. तांदळाचे दहा दाणे नातीच्या तळहातावर ठेवताना मला तो प्रसंग आठवतो. मी घाई करत नाही.

वेळेचं म्हणाल तर पान दहा मिनिटांचं, पाच वर्षांच्या मुलाचं पंधरा. त्याच्या वर नाही. मूल रंगलं असेल तरी उद्यासाठी थोडं राहू द्या. रोज एकच जागा, एकच वेळ. मूल नाही म्हणालं तर त्या दिवशी पान तुम्ही करा, ते बघेल. दुसऱ्या दिवशी बहुतेक वेळा ते कागद ओढून घेतं. सलग आठवडा नाही म्हणत असेल तर पान चुकतंय. सोपं करा किंवा परातीकडे परत जा. डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाचा हात बदलू नका, फक्त कागद थोडा उजवीकडे कलता ठेवा. अक्षरं आरशातल्यासारखी उलटी येत असतील तर सहा-सात वर्षांपर्यंत घाबरायचं कारण नाही. पावसाळ्यात आपल्याकडे वह्या सर्दावतात, पेन्सिल कागदात रुतते. जुलै-ऑगस्टमध्ये सरळ दगडी पाटी वापरा. मोबाइलवर बोट फिरवून अक्षर काढण्याचे खेळ मी दिलेले नाहीत, कारण काचेवर बोटाला काहीच लागत नाही.

घरी शिकवण्यात एक उणीव मात्र राहते आणि ती कुठलंही पान भरून काढत नाही. दुसरी मुलं. रांग, वाटून घेणं, भांडण, समेट, आपल्याखेरीज दुसऱ्या मोठ्या माणसाचं ऐकणं. म्हणून घरी शिकवत असलात तरी जवळच्या अंगणवाडीत मुलाचं नाव जरूर असू द्या. १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेतून चाललेल्या या अंगणवाड्यांत वजन-उंची मोजतात, लसीकरणाचा पाठपुरावा होतो, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा तपासणीला येतं. मुलाला ऐकू कमी येतं का, नजर कशी आहे, बोलणं उशिरा आहे का, हे घरच्यांच्या लक्षात येत नाही. आपण त्याच्या खुणा समजून घेत राहतो. माझ्या बालवाडीत एक मूल हट्टी म्हणून ओळखलं जायचं. त्याला उजव्या कानाने ऐकू येत नव्हतं, एवढंच होतं. आणि आठवड्यातून दोन दिवस तरी शेजारची तीन-चार मुलं गोळा करा. आमच्याकडे शनिवारी शाडूचा दिवस असतो. ओटीवर गोणपाट टाकतो, त्या दिवशी पान नसतं.

पहिलीच्या आधी 'पहिले पाऊल' या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे गावच्या शाळेत भरतात. २०२२ पासून ते होत आहेत. तिथे मुलाला टेबलाटेबलाशी नेऊन उड्या, रंगवणं, वस्तूंचं वर्गीकरण, गोष्ट सांगणं, मोजणं, असं करून घेतात आणि विकासपत्रावर नोंद करतात. आयांचे गट करून घरी करायच्या कृतीही देतात. घरी शिकवणाऱ्यांनी हे चुकवू नये. तिथे काय काय विचारतात ते पाहिलं की लक्षात येईल, वाल सोलण्यात आणि पागोळ्या मोजण्यात गेलेली दुपार वाया गेलेली नव्हती.

पानं सगळी जपून ठेवायची गरज नाही. महिन्याला दोन ठेवा, एक सुरुवातीचं, एक शेवटचं, मागे तारीख घालून, मुलाने सांगितलेल्या वाक्यासकट. आमच्या फाइलमधलं सगळ्यात जुनं पान पावसाचं आहे. त्यात पाऊस ढगातून निघून डोंगराला न लागता कागदाबाहेर गेला आहे. परवाचं पान रुळाचं आहे. पाच ठिपके आहेत, पहिल्या ठिपक्यापाशी तिने स्वतःहून 'प' काढला आहे, पोट उलट्या बाजूला, पण दंड सरळ, वरून खाली ओढलेला. खाली तिचं वाक्य माझ्या अक्षरात आहे, आजी इथून येते.